सॉरी या शब्दाचं मूळ

प्रिय अण्णा,

वर्ष होत आलं तुम्हाला जाऊन. कामाशिवाय पत्र लिहू नये, असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून इतके दिवस गप्प होते. आता काम निघालं आहे. परवा शाळेच्या संस्थेचे अध्यक्षसाहेब आपल्या घरी आले. तुमच्या फोटोला हार घातला, तुमच्याच खुर्चीत बसले आणि चहा फुंकत म्हणाले, "सॉरी म्हणलो की मी सरांला, ताई. आता अजून किती बार म्हणू?"

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय!

आठवतं का, चौसाळ्याच्या शाळेत व्हरांड्यातल्या फळ्यावर तुम्ही रोज एक इंग्रजी शब्द लिहायचात? अर्थ आम्ही शोधायचा, मूळ तुम्ही सांगायचं. एक दिवस तुम्ही 'सॉरी' लिहिलंत आणि सगळा वर्ग हसला. यात काय शोधायचं? धक्का लागला, म्हणा सॉरी. उशीर झाला, म्हणा सॉरी.

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, हा शब्द दुखण्यातून आला आहे. जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे वेदना, ठणका. ज्याच्या आत ठणकतंय तो 'सारिग', त्याचाच पुढे झाला सॉरी. दुःखाचा 'सॉरो' दिसायला जवळचा, पण तो वेगळ्या घरचा, आडनाव जुळलं म्हणून भाऊबंद होत नाहीत. शेवटी खडू खाली ठेवत म्हणालात, "ज्याला ठणकत न्हाई, त्यानं हा शब्द तोंडात घ्यायचा न्हाई." पुढचा आठवडाभर उशिरा आलेली पोरं दारात नुसती मुकाट उभी राहायची. मीही त्यात होते, आणि पोटच्या पोरीलाही तुम्ही आत घेतलं नाहीत!

तुम्ही मुख्याध्यापक झालात आणि दुसऱ्याच वर्षी दहावीच्या परीक्षेत अध्यक्षांच्या पुतण्याला कॉपी करताना धरलंत. अध्यक्षांनी चौकशीत सांगितलं, चिठ्ठ्या सरांनीच पुरवल्या. तुम्ही! निबंधात माझा एक स्वल्पविराम चुकला तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावणारे तुम्ही! निलंबन झालं. मुख्याध्यापकांच्या नावांचा फळा कार्यालयात होता, त्यावरून तुमचं नाव पुसलं गेलं. चार वर्षं चौकशीसाठी बीडच्या खेपा घातल्यात. आई त्यातच गेली. अखेर निर्दोष ठरल्याचं पत्र हातात आलं तेव्हा तुम्हाला एकच गोष्ट हवी होती, फळ्यावर नाव परत.

ते पत्र घेऊन आपण दोघं शाळेत गेलो होतो. अध्यक्ष गाडीत बसून निघालेच होते. त्यांनी काच अर्धी खाली केली, पत्राकडे नजर टाकली आणि म्हणाले, "सॉरी बरं का सर. व्हतं असं कधीकधी." आणि तुम्ही? तुम्ही म्हणालात, "असू द्या, साहेब."

काहून म्हणालात असं, अण्णा? जन्मभर शब्दांची मुळं खणलीत आणि ऐन वेळी 'असू द्या'? तुमच्यावरचा तो राग माझा अजून गेलेला नाही. घरी येऊन तुम्ही सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर घातलेली डिक्शनरी काढलीत, 'सॉरी'चं पान उघडलंत आणि जेवायलाही उठला नाहीत. मी ताट झाकून ठेवलं होतं. नाव परत लागलं नाही, आणि तुम्ही गेलात.

आता ऐका अध्यक्ष कशाला आले होते ते. शाळेला पन्नास वर्षं होतायत. माजी विद्यार्थी अडून बसलेत, सरांचा मान ठेवत नसाल तर आम्ही येत नाही. म्हणून मी स्टेजवर यायचं, झालं गेलं विसरून दोन शब्द बोलायचे. शाळेतले सगळे जुने फळे नव्याने रंगवून घेतायत. मुख्याध्यापकांचा फळा स्टेजवर लागणार, तुमच्या नावाशिवायच, आणि त्यावरचा पडदा त्यांच्याच हस्ते उघडणार.

ते गेले आणि काल सकाळी शब्बीर पेंटर आला. तोच, तुमच्या पहिल्या बॅचचा. ओट्यावर बसला आणि रडायलाच लागला. "ताई, सरांचं नाव मीच मिटवलं. नाव काढा म्हणून सायबांची चिठ्ठी आलती, रोजीचा सवाल होता. तवापासून ह्या हाताची लई शरम वाटते." तो सॉरी म्हणाला नाही, अण्णा. पण त्याला ठणकत होतं, मला दिसत होतं.

मग डोळे पुसून म्हणाला, "पण मी बेइमानी केली कामात. नाव काढायचं तर आधी पॉलिश पेपरनं अक्षरं घासावी लागतात. मी घासलीच न्हाईत. वरून नुसता काळ्या रंगाचा हात फिरवला. बोट लावून बघा, सर आत तसेच हायेत."

फळा रंगवायचं काम त्यालाच मिळालं आहे! वरचा काळा रंग उतरवून तुमची अक्षरं तो पुन्हा उजळणार आहे. आणि अध्यक्षांच्या सहीची ती चिठ्ठी त्यानं ब्रशांच्या डब्यात जपून ठेवली होती. आता ती तुमच्या डिक्शनरीत आहे, त्याच पानावर.

मी होकार कळवला आहे. अगदी गोड आवाजात, तुम्हाला ओळखू आला नसता. त्यांनी स्वतःच्या हातानं पडदा ओढायचा, आणि सगळ्या गावासमोर तुमचं नाव बाहेर यायचं. मग माझे दोन शब्द. पहिल्यांदा ती चिठ्ठी वाचेन, सहीसकट. मग निर्दोष ठरल्याचं पत्र. मग सॉरीचं मूळ सांगेन, तुम्ही सांगितलंत तसंच, आणि माईक त्यांच्यापुढे धरेन.

सूड म्हणाल. हो, सूडच आहे. तुम्ही असता तर नको म्हणाला असता, म्हणून तर तुम्हाला विचारत नाही, फक्त कळवते आहे.

घाम पुसत ते तो शब्द म्हणतीलच, दुसरं काय म्हणणार? तेव्हा सगळी सभा माझ्याकडे बघेल. अण्णा, तुम्हाला वचन देते, मी 'असू द्या' म्हणणार नाही.

तुमची, त्या दिवशी गाडीपाशी गप्प राहिलेली,
सुमन