यंत्राचे बटण बंद ठेवण्याविषयी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा मासे धरायच्या गळाच्या काठ्या बनवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. डॉक्टर सकाळीच तपासून गेले. "डोकं ठणठणीत आहे, बाकीचं विचारू नका," म्हणाले. हात थरथरतो, म्हणून मी सांगतो आहे आणि त्यांचा कंपाउंडर लिहितो आहे.

१. राहते घर धाकटा भाऊ आणि मुलगी यांचे, निम्मे निम्मे. भाड्याने द्यायचे झाल्यास कोपऱ्यावरच्या लेथवाल्या खरादीला देऊ नये. काठ्या तासायच्या माझ्या यंत्राचा आराखडा पाहून तो चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "काका, त्यापेक्षा शिवणयंत्र घ्या." मी विसरलेलो नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलीची. हातरंधे शेजारच्या सुताराला द्यायचे होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. तो तोंड वाकडे करून साक्षीदार झाला आहे. रंधेही मुलीचे.

३. यंत्र मी दोन वर्षे खपून घरीच बनवले. मोटर जुन्या धुलाई यंत्राची, पाया लोखंडी खाटेच्या पट्ट्यांचा, पाती साठ अंशांची. बांबूची कामटी एकीकडून सरकवली की दुसरीकडून तिकोनी आणि टोकाकडे निमुळती होऊन निघते. अशा सहा चिकटवल्या की एक काठी. रंध्याने दोन दिवस लागत, यंत्राला वीस मिनिटे पुरतात. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

४. वीज गेली की मी यंत्राचे बटण बंद करत नसे. अंगणात कामट्या शेकत बसायचो आणि अंगणापलीकडच्या यंत्राच्या शेडमधून घरघर आली की वीज आली असे समजायचो. ही सवय माझी. अकरा वर्षांपूर्वी अशीच वीज गेली आणि भाऊ पात्यांतला भुसा काढायला बसला. त्याने ओरडून विचारले, "दादा, बटण बंद आहे ना?" मी जागचा न उठता म्हणालो, "बंदच आहे रे." वीज आली. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली.

मी सगळ्यांना सांगितले की बटण बंद होते, त्याचाच कोपर लागून ते चालू झाले. त्यालाही तेच सांगितले. तो बिचारा आजही म्हणतो, "माझंच लक्ष नव्हतं." खोटे मी बोललो. मला त्याची लाज वाटते.

५. यंत्र आता मुलगी चालवते. माझी सवय तिने जशीच्या तशी उचलली. बटणाबद्दल कितीही बजावले तरी हसते. "बाबा, काका गाफील होते. मी नाही." माझ्या खोटेपणामुळेच ती निर्धास्त आहे. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून कलम चार माझ्यामागे वाचले जावे असे ठरवले होते.

६. हे सांगत असतानाच पंखा थांबला. शेडमधले यंत्रही थांबले. बटणाचा खटका खिडकीतून इथवर ऐकू येतो. तो वाजला नाही. भुसा झाडायचा ब्रश मात्र वाजतो आहे. मला अंथरुणातून उठता येत नाही. मी हाक मारली, "अगं, बटण बंद कर!"

"बंदच आहे हो, बाबा!"

जागची न उठता बोलली. मला ते बोलणे ओळखता येते.

७. कलम चार माझ्या मरणाची वाट न पाहता भावाला आणि मुलीला आजच वाचून दाखवावे. यंत्र मोडून भंगारात द्यावे. सुताराला शेडकडे पिटाळले आहे. त्याची सही राहिली आणि हे मृत्युपत्र वाया गेले तरी चालेल.

ठिकाण : राहते घर, मधली खोली.
दिनांक : १४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.
सही : (केली.)
साक्षीदार १ : कंपाउंडर, हे लिहिणारा. (सही केली.)
साक्षीदार २ : सुतार. (सही नाही. अजून अंगणातच आहे, खिडकीतून दिसतो. पंखा फिरू लागला आहे.)