डुक्कर फियाटचं नवं इंजिन

घोडपदेव, मुंबई
१४ जून १९८२

ती. गणपतदादास,
शेवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जबलपूरच्या उन्हात वहिनीला घामोळं आलंय असं लिहिलंस, तिला म्हणावं चंदन उगाळून लाव. कमल आता चुरूचुरू बोलते. गणामामा कुठे विचारलं की भिंतीवरच्या तुझ्या फौजी फोटोला सलाम ठोकते.

इकडे संप जानेवारीपासून आहे तसाच आहे. मामंजी रोज सभेला जातात, घसा बसवून येतात आणि खाटेवर गप बसून राहतात. सासरा आणि नवरा एकाच गिरणीत, त्यामुळे दोन्ही पगार एकदमच थांबले. ह्यांनी पहिले दोन-तीन महिने चाळीतले सगळे स्टोव्ह, नळ, इस्त्र्या दुरुस्त केल्या. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा माझी शिवणाची मशीन चांगली चालत असताना उघडून बसले. फिटरचा हात, रिकामा राहत नाही.

आता मात्र माझगावच्या एका गॅरेजात जातात. गिरगावात तळपदे म्हणून छापखानेवाले आहेत, रमाकांत नाव. त्यांच्या वडलांच्या वेळची डुक्कर फियाट आहे, ती ते शर्यतीत पळवतात. तिचं सगळं काम ह्यांच्याकडे दिलंय. दादा, माणूस पुन्हा जेवताना बोलायला लागला. बोलणं सगळं गाडीचंच, आणि मी ताट ठेवते तिथेच खडूने चाकं काढून ठेवतात, पण चालेल. ते तुला वेगळं पत्र लिहिणार आहेत. नीट उत्तर दे, तुझं ऐकतात.

लोभ करतोस तसाच करत राहा.
तुझी शेवंता

—

घोडपदेव
२ जुलै १९८२

श्री. गणपतराव यांस,
महादेवचा स. न. वि. वि.

शेवंताने कळवलंच असेल. गाडी म्हातारी आहे, पण पत्रा अजून शाबूत. मूळ इंजिन पार बसलंय. रमाकांतशेठनी मला विचारलं की महादेव, काय करूया? गिरणीत इतकी वर्षं काढली, कुणी मला काय करूया असं विचारलं नव्हतं, काय करायचं तेच सांगत आले.

तर बेत असा. कुर्ल्याच्या भंगारात आपटलेल्या टॅक्सीचं इंजिन मिळतंय, त्याच जातीचं पण नवं. ते बोअर करून पिस्टन मोठे घालायचे. हेड घासून दाब वाढवायचा. एकाच्या जागी दोन कार्बोरेटर. कॅमशाफ्टही घासून घ्यायचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतील. हे सगळं मला जमेल.

अडचण मागच्या बाजूला आहे. घाटात आवळ वळण आलं की आतलं चाक उचलतं आणि नुसतं गरगरतं. डिफरन्शियल सगळा जोर त्या हवेतल्या चाकाला देतं, जमिनीवरचं चाक ढिम्म. इंजिन वाढवलं तर हे आणखीच वाढणार. तुमच्या लष्करी गाड्या चिखलातून निघतात, त्यांच्या डिफरन्शियलात काय असतं? तसलं काही आपल्याला बसेल का? फेब्रुवारीत क्लबाची शर्यत आहे, माळशेज घाटातून.

कमल मजेत. तुमच्या पत्राची वाट रोज पाहणारा,
महादेव

—

जबलपूर
२५ जुलै १९८२

श्री. महादेवराव यांस,
गणपतचा स. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं. आधी एक सांगून ठेवतो, सरकारी मालातला खिळासुद्धा माझ्या हातून बाहेर येणार नाही, तेव्हा बहिणीला पुढे करून मागू नका. आणि आमच्या गाडीचं डिफरन्शियल तुमच्या डुकराला बसवलंत तर डुक्कर पोटावर बसेल.

चेष्टा पुरे. तुमचा बेत चांगला आहे, पण उलटा आहे. आधी ब्रेक. मग डिफरन्शियल आणि एक्सल. इंजिन सगळ्यात शेवटी. आज जे एक्सल मागे आहेत ते जुन्या इंजिनाच्या ताकदीचे आहेत. नवं इंजिन घातलंत की पहिला मार त्यांनाच बसणार. आणि ह्या गाडीत चाक धरून ठेवणारं दुसरं काही नाही. ट्रकाचा एक्सल तुटला तरी चाक जागेवर राहतं. तुमचा एक्सल तुटला तर चाक ड्रमासकट बाहेर येईल.

क्राऊन-पिनियन ही मागची दातेरी जोडी बदलून घाटाजोगती करा, तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. वळणात हवेतलं चाक रोखून धरणारं डिफरन्शियल परदेशात मिळतं, इथे मिळणं कठीण. मी डोळे उघडे ठेवतो.

तुमच्या वडलांना, बाबुरावांना, माझा दंडवत सांगा. शेवंताला म्हणावं घामोळं गेलं, वहिनी खूश. तुमच्याकडचा लोभ मागच्यासारखाच चालू द्या.
गणपत

—

घोडपदेव
३१ ऑक्टोबर १९८२

श्री. गणपतराव यांस,
स. न. वि. वि.

दसऱ्याचे नमस्कार उशिरा पाठवतोय, माफी असावी. इंजिन परवा चालू केलं. तुम्ही शेवटी करा म्हणालात ते ध्यानात होतं, पण टॅक्सीचं इंजिन हातात आल्यावर राहवलं नाही. दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवायला फार त्रास दिला. एक नळी कानाला लावायची आणि दोघांचा श्वास ऐकायचा. जुळल्यावर मात्र असा आवाज निघाला, शेजारच्या गोदामातले हमाल बघायला आले. शेठनी मला मिठी मारली, त्यांचा पांढरा सदरा गेला. ब्रेकही केलेत, नवे, मोठ्या गाडीचे. त्यामुळे अगदीच रागावू नका.

बाबांचं आणि माझं वाजलं. ते म्हणाले की लोक अर्धपोटी आहेत आणि तू बड्यांची खेळणी सजवतोस. मी म्हटलं की शेठ बडे नाहीत, छापखान्याचं भाडंही त्यांचं थकतं. पुढे आम्ही बोललो नाही. मग गेल्या आठवड्यात गिरणीचा माणूस घरी आला. काही खाती चालू करतायत, फिटर हवेत, पोलिसांच्या गाडीतून नेतील-आणतील. मी नाही म्हणून सांगितलं. बाबा खाटेवरून उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि खाली गेले.

राहिलं डिफरन्शियल. माझगावात सगळे म्हणतात, आतले छोटे गिअर वेल्ड करून टाक, दोन्ही चाकं बरोबर फिरतील, फुकटात काम. तुमचं मत कळवा.

आमची आठवण काढत असा,
महादेव

—

घोडपदेव
२१ नोव्हेंबर १९८२

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. गिरणीतून बोलावणं आलं होतं हे तुला कळलंच असेल. घरात सगळ्यांना वाटतं, नाही म्हणून ह्यांनी मोठं काम केलं. माझ्या मनात मात्र ह्यांनी जावं असं होतं, दादा. हे मी मामंजींसमोर बोलले तर ते माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत. दिवाळीत चाळीत कुणाकडेच फराळ नव्हता, म्हणून कुणी कुणाकडे गेलं नाही. कमलला ताप येऊन गेला. दवाखान्यातली बाई म्हणाली की हिला दूध द्या. मी हो म्हणून घरी आले.

त्या गाडीचा मी राग करत नाही. तिच्यामुळे नवरा माणसात आला. खालच्या मजल्यावरचा दगडू बघ, संपात दारूला लागला तो लागलाच. पण शर्यत झाली की पुढे काय? तू ह्यांना लिही, गाडी बाजूला ठेवा आणि कामाचं बघा. गिरणी नाही तर दुसरं कुठे. तुझं ऐकतील.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया ठेव, आता तिचीच गरज आहे.
शेवंता

—

जबलपूर
५ डिसेंबर १९८२

श्री. महादेवराव यांस,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, आम्ही फिरतीवर होतो. इंजिनाचं वाचून मलाही तो आवाज ऐकावासा वाटला, खोटं कशाला बोलू.

पण वेल्ड करू नका. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी. डिफरन्शियल दोघांना आपापल्या चालीने जाऊ देतं. वेल्ड केलंत की दोघं एकाच चालीला बांधले गेले. चिखलात, मातीत चाक घसरून भागून जातं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, तो पीळ एक्सल खातो. प्रत्येक वळणाला थोडा थोडा. दिसत काहीच नाही, आणि एक दिवस तुटतो. इथे माझा एक ओळखीचा लेथवाला आहे, रिटायर्ड माणूस. तुमच्या एक्सलचं माप पाठवा. चांगल्या पोलादाचे करून, पाणी देऊन घेतो. तोवर वेल्ड नको.

दुसरी गोष्ट. शर्यतीनंतरच्या पोटापाण्याचा विचार आत्ताच करा. गिरणीत जा असं मी म्हणणार नाही, ते तुमचं आणि बाबुरावांचं. पण ज्याने असं इंजिन बांधलं त्याला पुण्याकडे कुठल्याही कारखान्यात काम मिळेल. मी दोन ठिकाणी शब्द टाकतो. तुम्ही हो म्हणा.

शेवंताला जपा. रागावू नका, माझा जीव आहे म्हणून लिहिलं.
गणपत

—

घोडपदेव
२२ जानेवारी १९८३

श्री. गणपतराव यांस,
स. न. वि. वि.

माप सोबतच्या कागदावर काढलंय. पुण्याचं म्हणाल तर शर्यत झाल्यावर नक्की येतो, शब्द टाका. शेवंताला अजून सांगितलं नाही, खूश होईल.

तुम्हाला खोटं लिहवत नाही. वेल्ड केलंय. घोडबंदरला खडीच्या रस्त्यावर चालवून बघितली, गणपतराव, काय सांगू. वळणातून गाडी अशी निघते की पाठ सीटला चिकटते. तुमचे एक्सल आले की लगेच घालतो, पण शर्यत सहा फेब्रुवारीला आहे, आणि एवढी एक निभेल. जुने एक्सल काढून रॉकेलमध्ये धुऊन, भिंगाखाली बघितलेत. कुठे चीर नाही.

शेठच्या शेजारी मी बसणार. वळणं वाचून सांगायचं काम. संपाला वर्ष झालं. ह्या वर्षात माझ्या हातून झालेली एकच गोष्ट ही, ती चालताना आतून बघायचीय.

तुमचा विश्वास राहू द्या.
महादेव

—

जबलपूर
३ फेब्रुवारी १९८३

श्री. महादेवराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. लेथवाल्याकडे लगेच गेलो. आठवडाभरात दोन्ही एक्सल होतील, रेल्वे पार्सलने पाठवतो. ह्या रविवारी उतरू नका. शेठना माझा निरोप द्या. त्यांच्यासारखा समजूतदार माणूस नाही म्हणणार नाही. तुम्ही भिंगाखाली बघितलंत ते ठीक, पण हा पीळ भिंगाला दिसत नाही.

हे पत्र वेळेत पोचायचं नाही, म्हणून तारही करतो आहे. पुण्याहून होकार आला आहे. मार्चमध्ये बोलावलं आहे. आता एवढंच ऐका.

आपला, काळजीत असलेला,
गणपत

—

घोडपदेव
१३ मार्च १९८३

ती. दादास,
शेवंताचा शि. सा. न. वि. वि.

तू ह्यांच्या तेराव्यानंतर गेलास आणि घर फार मोठं झालं. दहा बाय बाराची खोली, पण तसं वाटतं खरं. तू इथे होतास तेव्हा तुझ्याशी बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

तुझी तार पोचली नाही असं तू धरून चालला आहेस. दादा, ती शनिवारी दुपारीच पोचली होती. रमाकांतशेठ परवा आले तेव्हा त्यांनी सांगितलं. ह्यांनी तार त्यांना दाखवली. शेठ म्हणाले की राहू दे महादेव, पुढच्या वर्षी उतरू. ह्यांनी ऐकलं नाही. म्हणाले की वर्षभर दुसरं काय केलं, थांबलोच ना, आता माझ्यात थांबायचं उरलं नाही. हे सांगताना शेठ लहान मुलासारखे रडत होते. त्यांच्या खांद्याला प्लास्टर आहे. मामंजींनी त्यांना पाणी दिलं.

गाडी कशी गेली तेही मी विचारलं. घाट चढताना शेवटून तिसऱ्या वळणाला मागचं चाक निघून गेलं आणि गाडी डाव्या अंगाने डोंगराला आदळली. हे डाव्या बाजूला होते. तोवर सगळ्यात पुढे होते, म्हणे. तू लिहिलं होतंस तसंच झालं. पण तू तुझ्या जिवाला लावून घेऊ नकोस. तू सांगायचं ते सांगितलंस, ते कळूनच गेले. तुझं पार्सल आलं, मामंजींनी सही करून घेतलं. शेठ म्हणाले की आता गाडी चालवायची नाही, भंगारात देतो.

काल चाळीच्या अंगणात शोकसभा झाली. वर्तमानपत्रात नुसतं एक मेकॅनिक ठार असं आलं होतं, नाव नव्हतं. सभेत मात्र पुढाऱ्यांनी ह्यांचं नाव संपात बळी गेलेल्यांमध्ये घेतलं. म्हणाले की संपाने हाताचं काम गेलं म्हणूनच तो तिकडे गेला, तेव्हा तो आमचाच. तसा फळा कोपऱ्यावर लावायचा, आणि ज्या घरांतला माणूस असा गेला त्यांना धान्य मिळतं, ते आपल्यालाही मिळेल. मामंजी सगळ्यांसमोर उठले. म्हणाले की माझा मुलगा उपाशी मेला नाही, कुणी त्याला मारला नाही, तो हौसेने गेला, त्याला त्याचं मरण राहू द्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

दादा, मी हो म्हटलं. फळा लावा म्हटलं. कमल माझ्या मांडीवर होती, तिचा हात काडीसारखा झालाय. मामंजी कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. पण आज पहाटे तेच पिशवी घेऊन धान्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढच्या सोमवारपासून मी लालबागला एका खानावळीत पोळ्या लाटायला जाणार. गावाला जा म्हणून तू म्हणतोस, पण इथून उठवत नाही.

आता तुझ्याकडे एकच मागणं. फळ्यावर गाडीचं नाव नाही, आणि चाळीत आता सगळे फळ्यावरचंच बोलतात. थोड्या दिवसांनी मीही तेच बोलायला लागेन. तेव्हा तू मला सावकाश, सोप्या भाषेत लिहून पाठव, त्या इंजिनात ह्यांनी काय काय केलं ते. कार्बोरेटर म्हणजे काय, ते दोन कशाला, आणि त्यांचा श्वास कसा ऐकतात. मला कळलं नाही तरी चालेल. कमलला मोठी झाल्यावर सांगता येईल एवढं लिही.

वहिनीला नमस्कार. आम्हा तिघांवर जीव असू दे.
तुझी शेवंता