प्रोफाइलमधले बाबा

४ फेब्रु.
कामोठ्याचा इंग्रजीचा क्लास. ॲडव्हान्स्ड बॅच म्हणे, आणि गृहपाठ काय तर स्वतःबद्दल दोनशे शब्द. उरणच्या पोर्ट कंपनीत कस्टमर डेस्कची जागा निघालीय, अर्जासोबत असाच पर्सनल प्रोफाइल मागितलाय. म्हणून मन लावून लिहिला. पळस्प्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातली सहा वर्षं, ड्रायव्हर, माल पाठवणाऱ्या पार्ट्या, त्यांची भांडणं मी कशी मिटवते ते. सरांनी वही परत सरकवली. "ग्रामर परफेक्ट. पण यात तू कुठेयस? स्टोरी पाहिजे."
सहा वर्षं मग कोण राबलं तिथे?

६ फेब्रु.
सर : "वडील काय करायचे?" मिठागरावर होते, म्हटलं. लगेच डोळे चमकले. पुण्याहून आलेत, मिठागर हायवेवरून बघितलं असेल.
स्वतःच पेन घेऊन बसले. भेगाळलेले पाय. कंदिलाचा अभ्यास. (आमच्याकडे लाइट माझ्या जन्माआधीपासून.) आणि वर 'माय इल्लिटरेट फादर'.
सर, बाबा सातवी पास आहेत. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या तेव्हा अख्ख्या गावाचे अर्ज त्यांनी लिहिले.
"मराठीत ना? मग काय. वाचणाऱ्याला भिडलं पाहिजे. ठेवू ना?"
यस सर, म्हणाले मी. लाज कशी वाटली नाही.

९ फेब्रु.
ती 'इल्लिटरेट'ची ओळ दोनदा खोडली, दोनदा परत लिहिली. सरांच्या लिखाणापुढे माझं पाणचट वाटतं, याचाच जास्त संताप. आज शेवटची तारीख. सरांचाच पाठवला. कुणी बळजबरी केली नव्हती. लिहून ठेवते, नंतर पलटायला नको.
दिवसभर ऑफिसात सगळ्यांवर खेकसले.

१७ फेब्रु.
इंटरव्ह्यूचा फोन. १९ ला, अकरा वाजता. बाई गोड आवाजात म्हणाल्या, वडिलांची स्टोरी वाचून आम्ही सगळे हलून गेलो. सहा वर्षांबद्दल एक शब्द नाही.
सरांनी प्रोफाइल क्लासच्या ग्रुपवर टाकला, नमुना म्हणून. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं. काढा म्हटलं तर, "अगं, प्राउड फील कर."

१८ फेब्रु.
बाबा : "अर्जाची स्थळप्रत दे गो. फायलीला लावतो." घरातून गेलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवतात ते. हरवली म्हटलं. "मोबाईलमदी आसंल." शेवटी प्रिंट काढून आणली.
इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता येतं. बोट ठेवत ठेवत गेले, एका शब्दाशी थांबले. "ह्याचा अर्थ काय?"
खोटं सांगता आलं असतं. खरा सांगितला.
त्यांचं बोट त्या शब्दावरच राहिलं. मीच चिडले. सरांनी लिहिलं, नोकरीला असंच लागतं, तुम्हाला काय कळतंय. हेही म्हणाले मी. त्यांना.
त्यांनी कागदाला भोकं पाडली, फायलीला लावला, कोपऱ्यात तारीख घातली. मग म्हणाले, "नोकरी लागली तं मी तुजे हापिसात नाय येनार. तिथं मला वाचाया येत नाय."
उद्या अकरा. दुसरा प्रोफाइल लिहायला बसलेय. उद्या तो पुढे करेन की नाही, ते अजून ठरत नाही.