गेटपर्यंत दोनशे बारा पावलं

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
नोकरीचा तिसरा आठवडा. पद: सेफ्टी सुपरवायझर. धुळे-चाळीसगाव रोडवरचा आमचा प्लांट छोटा, पण काम गंभीर. पाइपातून आलेला गॅस उणे एकशे बासष्ट डिग्रीपर्यंत थंड करायचा. तो पाण्यासारखा झाला की टँकरमध्ये भरायचा. टाकीजवळ उभं राहिलं की पोटात गोळा येतो. भीती नव्हे. रिकाम्या पोटी चहा घेतो, त्याचा परिणाम.
टाकी ते गेट २१२ पावलं. मोजून ठेवली. मोटरसायकल गेटबाहेर, तोंड रस्त्याकडे. ही शिस्त. ऑपरेटर कुंदन हसतो. हसू दे.
संकल्प: रोज टाकीभोवती एक पूर्ण फेरी. आज धुकं होतं. उद्यापासून.

५ डिसेंबर, गुरुवार
गॅसचा वास आला. रजिस्टरला नोंद केली. या आठवड्यातली चौथी. जळगावला केळी पिकवायच्या चेंबरवर अकरा वर्षं काढलीत. कुठली खोली पिकली ते दारातून सांगायचो. मुलाखतीत प्रेमराज साहेबांना म्हणालो होतो, मशीन चुकेल, हे नाक चुकणार नाही. ३१ तारखेला मला कायम करायचं की नाही ते ठरणार. ठरल्यातच जमा आहे.
फेरी: अर्धी. वासामुळे.

९ डिसेंबर, सोमवार
ट्रेनिंग. सारिका मॅडम म्हणाल्या, आपल्या टाकीतल्या गॅसला वासच नसतो. घरच्या सिलिंडरला येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. कुंदनने विचारलं, मग जगदीशभाऊंच्या चार नोंदी कशाच्या? कोणीतरी मागच्या गटाराचं नाव घेतलं. सगळे हसले. मोठ्या मनाने मीही हसलो.
गळती झाली तर जमिनीलगत पांढरा ढग दिसतो म्हणे. तो दिसला की आधी आग विझवा, शिट्टी वाजवा, वाऱ्याला आडवे निघा, माणसं मोजा. मला तोंडपाठ. शिट्टी माझ्याच गळ्यात घातली. जबाबदारीचं काम.
पाच वाजता हवेला कसलाच वास नव्हता. म्हणजे गॅस असूही शकतो! दरदरून घाम फुटला. डिसेंबरातही ऊन तापतं इकडे.
फेरी: लांबून.

१२ डिसेंबर, गुरुवार. दुपार
कंपाउंडच्या भिंतीला लागून भाईदास आबांचं शेत. आबा हेमांगीचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. चंपाषष्ठी झाली, वांग्यांना मोकळीक मिळाली; दरसालसारखं रविवारी २२ला बांधावर भरीत, चाळीस माणसं. कपाशीच्या काड्यांचा एवढा ढीग रचलाय. भिंतीपासून साठ पावलं. काड्यांचा जाळ आणि आमची टाकी!
उद्या जाऊन ठामपणे बंद करायला सांगणार.

१३ डिसेंबर, शुक्रवार
गेलो. ठामपणे बोललो. पांढरा ढग, आग, शिट्टी, माणसं मोजणं, सगळं दोनदा समजावलं. आबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, भो, तुना गॅसले वास नही, मना भरीतले शे. बस जेवाले.
नमुन्यादाखल चार वांगी भाजली होती. कळण्याची भाकरी. तीन खाल्ल्या. जावयाने सासऱ्याच्या शेतात उपाशी उठणं बरं दिसत नाही.
निष्कर्ष: भरीत बंद करण्यापेक्षा भरिताला स्वतः हजर राहणं जास्त सुरक्षित. साहेबांना कळवायची गरज नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार
रुमाल धरून वारा पाहिला. शेताकडून प्लांटकडे. मग प्लांटकडून शेताकडे. रुमाल जुना आहे.
स्वप्नात टाकी चालत होती.

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.३०
सगळी तयारी चोख. आग विझवायचा लाल सिलिंडर, शिट्टी, मोटरसायकल तोंड रस्त्याकडे. हेमांगी बायकांत बसून वांगी सोलतेय. कुंदन आत टँकर भरतोय. मन खंबीर. आज सगळ्यांचे प्राण माझ्या हातात आहेत.

दुपारी १२.३३. चौफुली, चहाची टपरी
योग्य अंतरावर पोचलो. बारा अठ्ठावीसला भिंतीखालच्या मोरीतून पांढरं काहीतरी जमिनीवरून सरकत आलं. बांधापासून इथे साडेतीन किलोमीटर, चार मिनिटं. एवढ्या वेगात प्लांट कोणीच रिकामा केला नसेल. इथून मदत बोलावणं सोपं जाईल. सायरन ऐकू येतोय. म्हणजे कुंदनने लाल बटण दाबलं. शाबास.
टपरीवाल्याने विचारलं, बाकीचे कुठे?
हेमांगी.

संध्याकाळी ७
काही झालं नाही. टँकरचा पाइप गळत होता, कुंदनने बंद केला. ढग जाळापासून दहा पावलांवर येऊन विरला. जाळ तोवर विझला होता. ढग दिसताच आबांनी वरणाचं अख्खं पातेलं चुलीवर उपडं केलं, पाण्याचे ड्रम ओतायला लावले, सगळ्यांना वाऱ्याला आडवं नेलं आणि माणसं मोजली. जगदीशने शिकवलं तसं, असं ते सांगत होते म्हणे.
एक माणूस कमी भरला. सत्तरीचे आबा उपरणं तोंडाला लावून मला शोधायला ढगाकडे निघाले होते. बठ्ठा शेतस, मना जवाईच नही, म्हणून ओरडत. कुंदनने भिंतीवरून उडी मारून त्यांना धरलं.
प्रेमराज साहेबांचा फोन. उद्यापासून यायला नको.
हेमांगी आबांच्या ट्रॅक्टरवर घरी आली. रडली नाही, भांडली नाही. पाय धुतले आणि एवढंच विचारलं, शिट्टी ते गळामाच व्हती ना?
उत्तर म्हणून तीन कारणं लिहिली होती. तिन्ही खोडली. मला भीती वाटली. पहिल्या दिवसापासून वाटत होती. तिथे बायको बसली आहे हे मला चार मिनिटं आठवलंच नाही.
शिट्टीच बिघडलेली असेल, असं एकदा मनात आलं. न्हाणीघरात जाऊन, दार लावून, हळूच फुंकून पाहिली.
वाजते.