सोळाच्या सोळा

मंगळवार, ४ मार्च

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन तास गेले. तिथला टायवाला सेल्समन सगळा वेळ ह्यांच्याशीच बोलला! काम माझं, कॉम्प्युटर माझा, प्रश्न मी विचारते — आणि उत्तर ह्यांना. “सर, मॅडमना नेमकं कशासाठी हवाय?” ह्यांना कॉम्प्युटर बंद करता येतो, तोही वायर उपटून. पण मान अशी हलवत होते, की प्रोसेसरचा शोध ह्यांनीच लावलाय.

मी म्हटलं, “मी इमारतींच्या फिल्म करते. बांधायच्या आधी आतून कशी दिसेल ते दाखवायला.”

“अरे वा, म्हणजे हॉबी!”

बावळट.

बुधवार, ५ मार्च

हॉस्पिटलचं काम मिळालं. मुलांच्या नव्या वॉर्डाची एका मिनिटाची फिल्म. २६ तारखेला दुपारी त्यांच्या कमिटीपुढे दाखवायची. आर्किटेक्टबाईंनी स्पष्टच सांगितलं — तारीख चुकली तर काम तुमच्या जुन्या ऑफिसकडे जाईल, त्यांची तयारी आहे.

असणारच. जुन्या साहेबांनी मी सोडताना खुर्ची फिरवत म्हटलं होतं, “तीन महिन्यांत परत याल. टेबल झाकून ठेवतो तुमचं.” अकरा वर्षं त्या टेबलावर मी केलेल्या फिल्मखाली त्यांचं नाव गेलं. टेबल झाकून ठेवतायत! त्या कापडाखाली परत जाऊन बसायचं नाही मला. काहीही झालं तरी.

गुरुवार, ६ मार्च

वन्सं आल्या. त्यांच्या घरातले नळ बदलतायत म्हणून तीन आठवडे. बॅग ठेवायच्या आधी पडद्यांकडे बघून, “हे असेच असतात का?”

सव्वीस वर्षं चिप तपासायच्या कारखान्यात काढली त्यांनी. आता रिटायर आहेत, पण तपासणी चालूच आहे. पूर्वी चिपची, आता माझी. लग्न झाल्या वर्षापासून मला ‘चित्रकार’ म्हणतात. “काय चित्रकार, आज काय रंगवलं?”

संध्याकाळी ह्यांनी उगाच विषय काढला — “ताई, हिला प्रोसेसर घ्यायचाय. बारा कोअरचा की सोळा?” कोअर म्हणजे एकाच चिपमधले वेगवेगळे कामगार. जितके जास्त तितकी चित्रं भराभर, एवढं मलाही कळतं.

वन्संनी चष्मा काढला. म्हणजे आता प्रवचन. “बारा घे. अगं, चिप एकच असते. तपासताना सोळातले एकदोन कच्चे निघाले की ते बंद करायचे आणि कमी कोअरचा म्हणून विकायचा. आम्ही दिवसभर तेच करायचो. बारावाला पक्का असतो, त्यातले कच्चे आधीच झोपवलेले. सोळावाल्यात ते कसेबसे पास होऊन बसलेले असतात.”

मी म्हटलं, “कच्चा माल मला नकोच आहे.”

“कच्चा नाही म्हटलं मी. ऐक तरी नीट.”

सोळाच घेणार.

शनिवार, ८ मार्च

सोळा घेतला. टायवाला म्हणाला, “बेस्ट चॉइस, सर!”

सोमवार, १० मार्च

दुकानाच्या माणसाने जोडून आणून दिलं. प्रोसेसर नखाएवढा म्हणता येणार नाही, पण खाऱ्या बिस्किटाएवढाच. आणि त्याला थंड ठेवायला जे वर बसवलंय ते माझ्या कुकरपेक्षा मोठं! शिवाय लाल-निळे दिवे. मी कुणी मागितले होते? खोक्यात पाणी भरून मासे सोडले की काम झालं.

पण चालू केल्यावर — ते सांगायलाच हवं. एक चित्र जुन्या मशीनवर पंचवीस मिनिटं घ्यायचं. इथे चार. पडद्यावर छोटे छोटे चौकोन भरत जातात, प्रत्येक कोअर आपापला चौकोन रंगवतो, आणि सगळे जुळले की एक चित्र. अशी चोवीस चित्रं म्हणजे एक सेकंद. मिनिटाला चौदाशे चाळीस.

कॅमेरा मी खाली ठेवलाय, जमिनीपासून जेमतेम हातभर वर आणि नजर आढ्याकडे. चाकांच्या पलंगावर निजवून नेताना मुलाला जसं दिसेल तसं. भिंतीवरची पिवळी पट्टी त्याच्या सोबत चालते. शेवटी खिडकी येते. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. सहा वर्षांची असताना मला असंच नेलं होतं. आठवतं ते फक्त आढं. आणि आईची साडी कडेने दिसायची, मग एका दाराशी दिसेनाशी झाली.

वन्सं मागे येऊन उभ्या. “कॅमेरा एवढा खाली का?” सांगितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग दिवे त्याच्या डोळ्यांवर येतील.”

झालं! एवढं सगळं बघून हेच दिसलं.

मंगळवार, ११ मार्च

दिवे मधून काढून दोन्ही बाजूंना घेतले. त्यांना सांगणार नाही.

शुक्रवार, १४ मार्च

काल संध्याकाळी सगळी चित्रं लावून दिली. सकाळी बघते तर एकसष्टाव्या चित्राशी बंद! प्रोग्रॅमच गायब. आणि एकसष्टाव्यात भिंतीच्या मधोमध काळा चौकोन. मुलांच्या वॉर्डात, पिवळ्या पट्टीवर, भिंतीला भोक पाडल्यासारखा.

परत लावलं. पाच चित्रं झाली, बंद.

परत.

शनिवार, १५ मार्च

टायवाल्याला फोन. “मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर चेक करा.” केलं. “मग विजेचा प्रॉब्लेम असेल.” नाही. “मग मॅडम, तुम्ही फार वापरता.”

फार वापरते! घेतलाय कशाला, ओवाळायला?

बदलून मागितला. तीन आठवडे लागतील. सरांना विचारून सांगा, म्हणाला. ह्यांना काय विचारायचंय? हे शेजारीच बसून सफरचंद खात होते.

रविवार, १६ मार्च

वन्संनी वही काढली आहे. शाळकरी, चौकटींची. माझ्यामागे स्टूल टाकून बसतात आणि मशीन बंद पडलं की पडद्यावरचे आकडे पेन्सिलने उतरवतात. वहीत सोळा चौकटी. एखाद्या चौकटीत फुली मारतात. पेन्सिलची खरखर तेवढी चालू. मला घाम फुटलाय आणि ह्या परीक्षेवर देखरेख केल्यासारख्या बसल्यात.

हे म्हणतात, “ताईला कळतं गं त्यातलं.” ताईला कशातलं कळत नाही ते सांगा.

सोमवार, १७ मार्च

भांडण.

वन्संनी वही समोर धरली. “दर वेळी सहा नाहीतर अकरा. बाकीचे चौदा उत्तम आहेत. ह्या दोघांना झोपव, तुझं काम होईल. पंधरा मिनिटांचं काम आहे.”

मी म्हटलं, “मी सोळा घेतलेत. मला सोळाही हवेत.”

“चौदांनी चाळीस सेकंद जास्त लागतील चित्राला. बास.”

“म्हणजे तुम्हीच बरोबर होतात, असं म्हणायचंय ना?”

“मी कुठे काय म्हटलं?”

“वीस वर्षं म्हणताय! न बोलता म्हणताय! माझे पडदे, माझी चित्रं, माझा प्रोसेसर — सगळ्यात तुम्हाला कच्चं तेवढंच दिसतं. कारखाना सुटला तुमचा, वन्सं. माझ्या घरात फुल्या मारू नका. आणि मशीनला हात लावायचा नाही!”

वही मिटली. पेन्सिल कानामागे ठेवली. “बरं,” म्हणाल्या. इतकंच. असं ‘बरं’ म्हणायला काय काळीज लागतं!

हे दारात उभे. “चहा टाकू का?” जन्मभर हेच केलंय ह्यांनी. दोन बायका भांडल्या की चहा.

मशीनला पासवर्ड घातला. आता लावा हात.

मंगळवार, १८ मार्च

एकूण धड चित्रं एकशे चाळीस. तेराशे बाकी. आठ दिवस.

जुन्या साहेबांचा मेसेज — ‘काही अडचण असल्यास संकोच नको.’ त्यांना कसं कळलं? की असाच टाकला? अंदाजाने खडा मारायची त्यांची जुनी सवय. उत्तर दिलं नाही. पण मेसेज पुसलाही नाही, हे इथे लिहून ठेवते. लाज वाटली.

बुधवार, १९ मार्च

आर्किटेक्टबाईंकडे दिवसभर बैठक. निघताना मशीन पूर्ण बंद केलं, उष्णतेनेच होत असणार. बाजूची पत्र्याची झापही काढून ठेवली.

संध्याकाळी आले तर वन्सं त्याच खोलीत पेपर वाचत बसलेल्या. सगळं घर सोडून तिथेच!

“मशीनला हात नाही ना लावलात?”

“तुझा पासवर्ड मला कुठे ठाऊक?” पेपर खाली न करता.

हॉलमधला टेबलफॅन आणून उघड्या मशीनसमोर लावला. सहा वाजता चित्रं चालू केली. वन्संनी फॅनकडे बघितलं. हसू आलं असावं, पण दाबलं. हसा.

गुरुवार, २० मार्च

सकाळपर्यंत एकशे ऐंशी चित्रं! एकही काळा चौकोन नाही! एकदाही बंद नाही!

टेबलफॅन! साधा, दाते पडलेला टेबलफॅन! टायवाल्याला कळलं नाही, सव्वीस वर्षं चिप तपासणाऱ्यांना कळलं नाही. चित्रकाराला कळलं.

चित्राला चार मिनिटांऐवजी साडेचारच्या वर लागतायत. मशीन उघडं आहे, धूळ जात असेल. चालायचंच. पडद्यावर चौकोन कसे पळतायत! मोजत कोण बसतंय.

शुक्रवार, २१ मार्च

चालू आहे. वन्संना उठल्याउठल्या आकडा सांगते. “चारशे नव्वद!” त्या म्हणतात, “छान.” मला त्या ‘छान’मध्ये काही सापडत नाही. पूर्वी टोचायचं तरी.

सोमवार, २४ मार्च

काल रात्री शेवटचं चित्र झालं. सकाळी सगळी एकापाठोपाठ लावून पाहिली. आढं, पिवळी पट्टी, बाजूंचे दिवे, आणि खिडकी. शेवटच्या सेकंदाला मी साडीची कड घातली आहे, पलंगासोबत चालणारी. ती दाराशी थांबत नाही. आत येते.

दोनदा पाहिली. मग तोंड धुतलं.

बुधवार, २६ मार्च

पास! कमिटीत एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांनी परत लावायला सांगितली. आर्किटेक्टबाई म्हणाल्या, “दिवे बाजूंना घेतलेत ना, तिथेच जिंकलात. मूळ नकाशातही तसेच करतोय आता.” मी म्हटलं, “थँक यू.” पुढच्या दोन इमारतीही माझ्याकडे.

जुन्या साहेबांना उत्तर टाकलं — ‘टेबलावरचं कापड काढायला हरकत नाही.’

घरी येऊन ह्यांना म्हटलं, मुद्दाम मोठ्याने, वन्सं समोर असताना, “सोळाच्या सोळा पळाले! म्हणे कच्चे असतात!”

हे ताईकडे बघायला लागले. वन्संनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. “दमली असशील. बस.”

हरलेल्या माणसाला एवढं शांत बसता येतं?

गुरुवार, २७ मार्च

नळ झाले. वन्सं गेल्या. रिक्षात बसल्यावर मला जवळ बोलावलं. मला वाटलं, चला, आता तरी एक शब्द कौतुकाचा.

“ते अपडेट वगैरे करू नकोस इतक्यात. चाललंय ना? चालू दे.”

जाता जाताही हुकूम!

फ्रीजवर डबा ठेवून गेल्यात, माझ्या आवडीच्या बिस्किटांचा. लाच.

सोमवार, ३१ मार्च

टायवाल्याचा फोन, पहिल्यांदाच थेट मला. मदरबोर्डचं नवं अपडेट आलंय, मॅडम, जरूर करा, मशीन अजून पळेल. मग करणारच! उद्या सकाळी.

मंगळवार, १ एप्रिल

टायवाल्याने सांगितल्याप्रमाणे मशीन चालू होतानाच बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये गेले. तिथे पासवर्ड विचारलाच नाही. आधी सगळं मूळच्यासारखं करून घ्यायचं होतं. पडद्यावर चौकट आली — या गोष्टी बदलतील, चालेल?

कोअर ६ : बंद — चालू होईल.
कोअर ११ : बंद — चालू होईल.

हॉलमध्ये फॅन फिरत होता. मी त्याचा आवाज ऐकत बसले.

‘नाही’ दाबलं.

वन्संना फोन लावला. हॅलो नाही, काही नाही. उचलल्याबरोबर म्हणाल्या, “केलंस अपडेट?”