घोंगडीतली ठिणगी

अकोला. पौष शु. ६, शके १७८६

थंडी कडक. हवा इतकी कोरडी की ओठ फुटले. विजेच्या प्रयोगांना याहून चांगले दिवस नाहीत. पेटीतून काचेची कांडी, रेशमी रुमाल, लाखेची थाळी काढली. थाळी घासायला पुस्तकात मांजराचं कातडं सांगितलंय. सौ. म्हणाली, ते घरात आलं की मी माहेरी. तिचं बरोबरच आहे. शेवटी वर्गातल्या किसननं बापाची घोंगडी आणली. बाप पुंजाजी, शेठच्या कापसाच्या वखारीवर राखणदार. घोंगडीला तंबाखूचा वास मारतो, पण काम फक्कड करते.

शु. ७

वेचणीमुळे अर्धा वर्ग शेतात. होती ती अठरा पोरं. खिडक्या लावून फटींत गोणपाट कोंबलं, भर दुपारी काळोख केला. घोंगडी झटक्यानं ओढली. चट् चट्, निळसर ठिणग्या. सांगितलं, आभाळातली वीज ती हीच, ही धाकटी. हिला भ्यायचं नाही, ही जाळत नाही.

किसन उभा राहिला. "गुरुजी, वरची ईज झाड जाळते. दोघी एकच, तं हे धाकटी कापूस काहून नाई जाळत?"

मी म्हटलं, खाली बस. आवाज चढवूनच म्हटलं. उत्तर येत नव्हतं, दुसरं काय. घोंगडी संध्याकाळी परत दिली. ते "खाली बस" अजून डोक्यातून जात नाही.

शु. १२

वीज साठवायची बाटली एकदाची जमली. कचेरीतल्या साहेबाच्या खानसाम्याकडून चहाच्या पेटीतला शिशाचा पत्रा मागून आणला, बाटलीला आतून-बाहेरून डकवला. थाळीवरची वीज थोडी थोडी करून तिच्यात भरायची. बोट लावलं तर कोपरापर्यंत हिसका. पोरांना हातात हात धरून उभं केलं, अठरा जणांना एकदम बसला. दोघं किसनचा हात धरायला कां-कूं करत होते. डोळे वटारले, मग धरला. आज मास्तर झाल्याचं चीज झालं.

वद्य २

पहाटे आरडाओरडा. मोर्णेच्या काठाशी धूर. शेठची वखार पेटली, दिवसभर धुमसत होती. अमेरिकेत लढाई लागल्यापासून इथं कापूस म्हणजे सोनं, त्यामुळे सगळं गाव तिथं. शेठ मातीत बसून होते. गठ्ठे बाहेर ओढताना पुंजाजीचे दोन्ही हात भाजले. तेल लावलेले हात तसेच पुढं धरून त्याला हवालातीत नेलं.

वद्य ३

शेठचं म्हणणं, पुंजाजीनं कापूस चोरला आणि चोरी झाकायला मुद्दाम आग लावली. राखेत चिलीम सापडली आहे. पुंजाजी म्हणतो, चिलीम जुनी, मी ओढत नव्हतो. उठलो, घोंगडी वढली, चट् झालं, अन् जाळ. साहेबांनी किसनला विचारलं तर त्यानं ठणकावून सांगितलं की वरची वीज आणि घोंगडीतली एकच, गुरुजींनी दाखवलंय.

आता मला बोलावणं. वद्य १० ला कचेरीत हजर राहून सांगायचं, घोंगडीच्या ठिणगीनं कापूस पेटतो का. जमल्यास करून दाखवायचं. मुद्दाम लावली असं ठरलं तर पुंजाजी कित्येक वर्षं तुरुंगात. म्हणजे ज्या प्रश्नावर पोराला खाली बसवलं, तोच प्रश्न, आणि आता विचारणारा साहेब.

ही हकिगत बापानं पोराला सांगितली की पोरानं बापाला, कळत नाही. घोंगडीला तंबाखूचा वास होता हे मी कुणाला बोललेलो नाही.

वद्य ४

शाळा सुटल्यावर घरची खोली बंद केली. शेजारून घोंगडी मागून आणली, खाली सुटा कापूस पसरला. खांदे भरून येईपर्यंत ओढत होतो. ठिणग्या पुष्कळ. कापूस ढिम्म. लाख घासून पाहिली, बाटली लावून पाहिली, कापूस पिंजून अगदी धुक्यासारखा केला. नाही. घरात आग लागावी म्हणून देवाला हात जोडणारा माणूस या गावात मी एकटाच असेन.

नाही पेटला म्हणजे पेटतच नाही, असं म्हणता येतं का? पेटतो असं तर मुळीच नाही.

अमरावतीच्या मोठ्या शाळेतल्या मित्राला पत्र टाकलं. त्याच्याकडे पुस्तकं जास्त.

वद्य ५

जुन्या शहरात इब्राहिमभाई पिंजाऱ्याकडे गेलो. कापसाचं ज्ञान पुस्तकापेक्षा त्याला जास्त, हे आधी का सुचलं नाही. त्यानं काम थांबवून नीट सांगितलं. या दिवसांत पिंजायच्या धनुकलीच्या तातीला कापूस चिकटतो, हाताला चटके बसतात, कोपऱ्यात अंधार असला तर चमकतानाही दिसतं. बापापासून हाच धंदा. पेटला कधीच नाही.

निघताना पायरीपर्यंत आला. म्हणाला, "तुमी इचारलं म्हणून सांगतलं, गुरुजी. कचेरीत इचारलं तं मले आठोनार नाई."

मला राग आला. वाटेत लक्षात आलं, मी त्याच्याकडे गेलो तेव्हा मलाही दुसरंच काही ऐकायचं होतं.

वद्य ७

किसन आज वर्गात आला. डबा हवालातीत पोचवून येतो, बापाला स्वतःच्या हातानं भरवावं लागतं. धड्यात काही अडलं का, असं वर्गाला विचारलं. कुणी हात वर केला नाही, त्यानंही नाही. आधी मला हीच शिस्त हवी असायची.

वद्य ८

अमरावतीचं उत्तर आलं. मित्र लिहितो, नुसता कापूस पेटल्याचं त्याच्याही वाचनात नाही. परंतु कापसावर, धुपात घालतात त्या राळेची बारीक पूड भुरभुरली तर बाटलीच्या ठिणगीनं हमखास पेटतो. विलायतेत वर्गात करून दाखवतात.

पसाऱ्याच्या दुकानातून राळ आणली. खलात कुटली, कापसावर चिमूटभर टाकली, बाटली भरून लावली. भक्कन पेटला. सौ. पदर सावरत धावत आली. उरलेला कापूस हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, यात राळ आहे हे दिसतही नाही हो.

मीही तेच बघत होतो.

वद्य ९

कुठं लक्ष लागत नाही. एक शब्द खोटा बोलायचा नाही. कापूस ठेवायचा, बाटली लावायची, साहेब आपल्या डोळ्यांनी बघतील. पुंजाजी घरी येईल. त्या हातांनी त्याला तुरुंगात काय काम जमणार.

आणि त्यानं चिलीम ओढली असेल तर? ओढली असली तरी मुद्दाम लावली नसेल. मुद्दाम लावणारा माणूस गठ्ठे ओढायला आत जातो का? हे मला खात्रीनं वाटतं, पण मला हे विचारलेलंच नाही. मला विजेचं विचारलंय.

पोरांना वर्षभर सांगत आलो, सांगितलं म्हणून मानू नका, करून बघा. उद्या मी करून दाखवणार आणि तेच खोटं. लाज वाटते. राळेची पुडी मात्र बांधून ठेवली आहे.

वद्य १०. कचेरीची ओसरी

बोलावणं यायचंय. पेन्सिलीनं लिहितोय. किसन बरोबर आहे. बाटली त्यानं छातीशी धरून आणली, वाटेत कुणाचा धक्का लागू दिला नाही. पलीकडे झाडाखाली शिपायाजवळ पुंजाजी उकिडवा बसलाय. हात फडक्यांत गुंडाळलेले. मला बघून त्यानं ते जोडायचा प्रयत्न केला.

कापूस काढायला किसनला पिशवी उघडायला सांगितली, त्यात पुडी निघाली. त्यानं वास घेतला.

"राळ हाय, गुरुजी?"

हो म्हटलं. कशाला ते सांगितलं. सगळं सांगितलं, पत्रसुद्धा. त्यानं बापाकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "वखारीतल्या कापसात राळ होती?"

या खेपेला खाली बस म्हटलं नाही. म्हटलं, नव्हती.

"मंग बिनराळेचा पेटतच नाई?"

म्हटलं, माझ्याकडून पेटला नाही. कधीच पेटत नाही का, ते मला माहीत नाही. त्या दिवशी वर्गातही माहीत नव्हतं.

तो "बरं" म्हणाला. बाटली मांडीवर, पुडी मुठीत. ती मूठ मला बघवत नाही. मी पुडी मागितली तर देईल. नाही मागितली तर

शिपाई येतोय.