वेशीवरचा तंग

प्रिय सुमन,

काल आपली लेक मंगल कोल्हापूरला परत गेली. सोडायला वेशीपर्यंत गेलो आणि नकळत तिच्या पिशवीचा पट्टा ओढून पाहिला. "आबा, आई असंच करायची की!" म्हणाली आणि रडायलाच लागली. म्हणून हे पत्र.

आठवते ना आपली तांबडी घोडी? माझी शाळा डोंगरापलीकडं, एसटी तेव्हा गारगोटीच्या पुढं येत नव्हती. सोमवारी निघायचो तो शनिवारी परत. मी खोगीर चढवायचो, पोटाखालून तंगाचा पट्टा आवळायचो आणि मुलांना शिकवायच्या कविता म्हणत निघायचो. तू लगाम धरून वेशीपर्यंत चालायचीस. मला वाटायचं, काय हा विरह!

वेशीवर तू म्हणायचीस, "उतरा जरा." आणि तंग पुन्हा आवळायचीस. माझं लक्ष कुठं? डोंगरावरच्या ढगांत!

मग एकदा तू तापानं पडलीस. एकटाच निघालो. उतारावर खोगीर असं फिरलं, की मी थेट ओढ्याच्या चिखलात! त्या अवतारात घरी आलो, तर ताप विसरून हसलीस.

"अहो, आवळताना घोडी पोट फुगवती. थोडं चालली की श्वास सोडती, मग तंग ढिला पडतो. माझ्या माहेरी पोरंटोरं बी जाणत्यात की!"

"म्हणजे तू वेशीपर्यंत येतेस ती तंगासाठी?"

"मग काय, तुमच्या कवितेसाठी?"

किती लागलं होतं मला! हसू नकोस. कितीतरी दिवस हिरमुसलो होतो.

पुढं रस्ता झाला, एसटी आली, घोडी तुझ्या भावाकडं गेली. पहिल्याच सोमवारी मी पिशवी घेऊन निघालो, तर तू चपला सरकवत माझ्या मागं! आता कसला तंग, सुमन? वेशीवर पिशवीचं बक्कल ओढून पाहिलंस. "लांब जायचं हाय," म्हणालीस. मी निवृत्त होईपर्यंत एकही सोमवार चुकवला नाहीस.

कशासाठी, ते विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तरी तू कुठली सांगणार!

या खेपेला तू निघालीस, चौघांच्या खांद्यावरून, आणि वेशीपर्यंत मी आलो. आवळायला काहीच नव्हतं गं. पदराचं टोक तेवढं नीट खोचलं.

आता या घरातून जो कुणी निघेल, त्याच्याबरोबर वेशीपर्यंत मी जाईन. पट्टा ओढून पाहीन. कशाला आलात म्हणून कुणी विचारलंच, तर कविता ऐकवणार नाही. "ढिला व्हता," एवढंच सांगेन.

तुझाच,
मास्तर